अंगठा पोचतो का? छोट्या, स्वस्त फोनचे आठ महिने

हा फोन घेतला तो अंगठ्यामुळे. उजव्या मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कळ यायला लागली होती. किल्ली फिरवताना, ओला टॉवेल पिळताना, आणि सगळ्यात जास्त रात्री उशीला टेकून फोन धरल्यावर. फिजिओथेरपिस्ट बाईंनी अंगठा मुठीत घालायला लावला, मूठ करंगळीच्या बाजूला वाकवली आणि मी ओरडलेच. त्यांनी दुखण्याचं नाव सांगितलं, डी क्वेर्वेन. फ्रिट्झ डी क्वेर्वेन नावाच्या स्विस सर्जनने १८९५ साली ते लिहून ठेवलंय, म्हणजे मोबाइलच्या जन्माआधीचं दुखणं. तरी बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो हाच: "फोन बघू तुमचा." दाखवला. सहा पूर्णांक सात इंची स्क्रीन, वर जाड कव्हर, त्यावर काच. नंतर पार्सलच्या काट्यावर ठेवून पाहिला तर २४६ ग्रॅम भरला.

"दोन्ही हातांनी धरत जा," बाई म्हणाल्या.

सांगायला सोपं आहे. मी ग्रंथालयात काम करते. साठा पडताळणी, म्हणजे पुस्तकांची मोजदाद, सुरू झाली की रोज तीन-चार तास घोड्यावर (उंच कप्प्यांसाठीच्या शिडीवर) उभं राहायचं, डाव्या हाताने कपाटातलं पुस्तक ओढायचं, उजव्या हातातल्या फोनने मागच्या पुठ्ठ्यावरचा बारकोड टिपायचा, पुस्तक परत सारायचं, पुढचं ओढायचं. दुसरा हात मोकळा असता तर मी आधी घोडा धरला असता. तेव्हा ठरवलं की कामासाठी वेगळा, लहान, हलका आणि पडला तरी जीव हळहळणार नाही इतका स्वस्त फोन घ्यायचा. दोन महिन्यांत तोच एकमेव फोन होऊन बसला, सिमकार्डासकट. आता आठ महिने झाले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या जातीचे सगळेच फोन थोड्याफार फरकाने असेच असतात आणि मला एकाच कंपनीचं उणंदुणं काढायचं नाही. माप मात्र देते: उंची १४२ मिलिमीटर, रुंदी ६७, वजन १४८ ग्रॅम. स्क्रीन साडेपाच इंची, ७२० बाय १४४० पिक्सेल. ४ जीबी रॅम (चालू कामापुरती स्मृती), ६४ जीबी जागा, ३००० एमएएचची बॅटरी, १० वॅटचा चार्जर.

घेण्याआधी एका गोष्टीत मी पुरती फसले होते, ती आधी सांगते. आपण इंच बघतो. इंच म्हणजे स्क्रीनचा कर्ण. पूर्वी स्क्रीनच्या उंची-रुंदीचं प्रमाण १६:९ असायचं, आता १८:९, २०:९ अशा उंच आणि चिंचोळ्या झाल्यात. त्यामुळे जुना साडेपाच इंची फोन आणि नवा साडेपाच इंची फोन यांचा आकार एक नव्हे. १६:९ च्या साडेपाच इंची स्क्रीनची रुंदी साधारण ६८ मिलिमीटर भरते. २०:९ ची ६.१ इंची घेतली तरी ती ६४ च्या आतच असते. इंच जास्त आणि रुंदी कमी! अंगठ्याला कर्ण कळत नाही, त्याला रुंदी कळते. समोरची कड गाठता आली की तो खूश.

मग मी जुन्या तालिका-कार्डांचा, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींच्या पुठ्ठ्यांचा, डबा काढला. संगणक आल्यापासून आमच्याकडे ती हजारोंनी पडून आहेत. तालिका-कार्डाचं ठरलेलं माप १२५ बाय ७५ मिलिमीटर, खाली सळई घालायला एक भोक. एक कार्ड मुठीत फोनसारखं धरून बघितलं. ७५ मिलिमीटरलाच माझा अंगठा समोरच्या कडेआधी अडखळत होता, आणि माझा मोठा फोन ७७ चा, वर कव्हर! मग कात्रीने एकेक कार्ड कापत गेले: ७२, ७०, ६८, ६६. सत्तरला अंगठा पोचतो पण तळहात सरकवावा लागतो. अडुसष्टला न सरकवता पोचतो. माझा आकडा ठरला. तुमचा वेगळा असेल. पण फोन घेण्याआधी जाड कागदाचा हा पाच मिनिटांचा खेळ खेळाच. रुंदीचा आकडा कंपनीच्या पानावर अगदी तळाशी, बारीक अक्षरात असतो. तिथपर्यंत जायचं, वरच्या रंगीत चित्रांवर जाऊ नये.

आकडा ठरला आणि मग कळलं की या मापात बाजारात फारसं काही नाहीच. २००७ चा पहिला आयफोन साडेतीन इंची होता. २०११ मध्ये सॅमसंगचा पहिला गॅलक्सी नोट ५.३ इंच घेऊन आला तेव्हा लोक हसले होते, की कानाला पाटी लावून बोलणार का म्हणून. आज ५.३ इंच म्हटलं तर दुकानदार म्हणतो, लहान मुलासाठी हवाय का? ॲपलने २०२० आणि २०२१ मध्ये ५.४ इंची मिनी काढले, २०२२ मध्ये मिनी गेला आणि त्याच्या जागी मोठा प्लस आला. असूसचे झेनफोन तीन वर्षं ५.९ इंचांवर टिकले, २०२४ मध्ये तेही पावणेसात इंचांच्या पुढे गेले. आयफोन एसईची शेवटची आवृत्तीही ६७ मिलिमीटर रुंदीचीच होती. २०२५ मध्ये त्याची जागा घेणारा १६ई ६.१ इंची निघाला. आणि हे सगळे काही स्वस्त फोन नव्हते. लहान आणि चांगला फोन करणं अवघड आहे, कारण आत जागाच नसते: बॅटरी लहान होते, उष्णता बाहेर पडायला पत्रा लहान होतो, कॅमेऱ्याला खोली मिळत नाही. लहान आणि स्वस्त करणं सोपं आहे. काय काय गाळायचं एवढंच ठरवायचं.

म्हणून या फोनचं परीक्षण करताना मी दोन रकाने आखले. फोन लहान आहे म्हणून आलेल्या अडचणी एकीकडे, स्वस्त आहे म्हणून आलेल्या दुसरीकडे. महिनाभरात लक्षात आलं की हे दोन रकाने वेगळे राहत नाहीत. काही ठिकाणी लहानपण स्वस्ताईला पांघरूण घालतं. काही ठिकाणी दोन्ही मिळून तुम्हाला गाठतात.

पांघरूण कुठे घालतं ते आधी. ७२० पिक्सेल रुंदीची स्क्रीन मोठ्या फोनवर असेल तर मी घेऊ नका म्हणेन. पावणेसात इंचांवर इंचाला २६० च्या आसपास पिक्सेल येतात, आणि देवनागरीला ते पुरत नाहीत. इंग्रजी अक्षर कडेला जरा झिजलं तरी वाचता येतं. आपल्याकडे रफार, अनुस्वार, वेलांटी सगळं शिरोरेषेच्या वर दाटीवाटीने बसलेलं असतं. 'वर्षं' या शब्दात रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून नुसता ठिपका दिसतो. साडेपाच इंचांवर तेच पिक्सेल इंचाला २९० च्या पुढे जातात. मी बारीक अक्षर लावून 'मर्मं', 'कर्तृत्व', 'द्व्यर्थी' असे शब्द वाचून बघितले, सगळे सुटे दिसले. शिवाय पिक्सेल कमी म्हणजे त्या गरीब प्रोसेसरवर ओझंही कमी. हातात स्वस्त स्क्रीन आहे, पण लहान आहे म्हणून लाज राखते.

वजनाचंही तसंच. प्लॅस्टिकची पाठ, प्लॅस्टिकची कड. महागड्या फोनच्या काचेच्या पाठीचं कौतुक करणाऱ्यांनी तो एकदा घोड्यावरून फरशीवर टाकून दाखवावा. माझा चार वेळा पडला. एका कोपऱ्याला पांढरा ओरखडा आहे, बाकी काही नाही. हलकी वस्तू पडतानाही हलकीच आपटते.

टायपिंगमध्ये मात्र नुसतं लहानपण भोवतं, त्यात स्वस्ताईचा काही हात नाही. स्क्रीनची रुंदी साडेबासष्ट मिलिमीटर. मी इनस्क्रिप्ट वापरते, माझ्या कीबोर्डवर मधल्या ओळीत ११ कळा येतात, म्हणजे एका कळीला साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. इनस्क्रिप्टमध्ये 'क' आणि 'त' शेजारी. पहिल्याच आठवड्यात एका ज्येष्ठ सभासदांना मी पाठवलं: "पुस्तक कधी परत करताय ते कृपया तळवा." त्यांचं उत्तर आलं, "मंद आचेवर की मोठ्या?" 'कळवा' आणि 'तळवा' दोन्ही शब्द खरे, त्यामुळे शब्दकोशवाली दुरुस्तीही गप्प बसली. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांना एवढा त्रास होणार नाही, त्यांच्या ओळीत दहाच कळा असतात. मी कीबोर्डची उंची वाढवून घेतली, रुंदी वाढवता येत नाही. आता लांब मजकूर तोंडी सांगते आणि मग बोटाने दुरुस्त करते. ज्यांना फोनवरच पानंच्या पानं लिहायची असतात त्यांनी इथेच थांबावं, पुढचं वाचूही नये.

आता जिथे दोघं मिळून गाठतात ते. बॅटरी. ३००० एमएएच वाचून मी म्हटलं, स्क्रीन लहान, पिक्सेल कमी, पुरेल. साध्या दिवशी पुरते: सकाळी आठला शंभर टक्के, संध्याकाळी सहाला पंचवीस ते तीस. पण प्रोसेसर जुन्या जातीचा, १२ नॅनोमीटरवाला. काम कमी करतो आणि खातो जास्त. पडताळणीच्या दिवशी कॅमेरा सतत चालू, कपाटाच्या खालच्या कप्प्यात अंधार म्हणून टॉर्च चालू. दुपारी दोनला चौदा टक्के. मी डायरीत पाच दिवस नोंद ठेवली होती, सगळ्यात चांगला दिवस एकोणीस टक्क्यांचा.

याहून वाईट गोष्ट आज दिसत नाही, दीड वर्षाने दिसते. लिथियम बॅटरीचं आयुष्य चक्रांत मोजतात; एकूण शंभर टक्के चार्ज खर्च झाला की एक चक्र. ढोबळ हिशेब असा की ५०० पूर्ण चक्रांनंतर ऐंशी टक्क्यांच्या आसपास क्षमता उरते. मोठ्या फोनची ५००० ची बॅटरी मी दिवसाला साठ टक्के वापरायचे, म्हणजे ५०० चक्रं व्हायला आठशेहून जास्त दिवस, सव्वादोन वर्षं. ही ३००० ची रोज जवळपास पूर्ण रिकामी होते, म्हणजे ५०० दिवसांत, सोळा-सतरा महिन्यांत तीच वेळ. आणि तेव्हा हातात उरतात २४०० एमएएच, त्यावर आजचाही दिवस निघणार नाही. लहान बॅटरी नुसती लहान नसते, ती लवकर म्हातारीही होते. युरोपीय महासंघाने २० जून २०२५ पासून तिथे बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनसाठी नियम केलाय की ८०० चक्रांनंतरही निदान ऐंशी टक्के क्षमता राहिली पाहिजे. माझ्या फोनच्या खोक्यावर चक्रांबद्दल अवाक्षर नाही. लहान फोन घेताना बॅटरी बदलून मिळते का, सुटी मिळते का, हे कॅमेऱ्याच्या आधी विचारा. मी विचारलं नाही. परवा विचारलं तेव्हा सेवा केंद्रातल्या मुलाने संगणकात बघून सांगितलं, "मागवावी लागेल." कधी येईल ते त्याच्या संगणकात नव्हतं.

दुसरी गाठ रॅमची आणि साठवणीची. जाहिरातीत '४ + ४ = ८ जीबी रॅम' असं ठळक छापलेलं होतं. पुढचे चार म्हणजे रॅम नव्हेच. साठवणुकीतली जागा उसनी घेऊन तिला रॅम म्हणायचं. साठवण यूएफएस जातीची, वेगवान असती तर एक वेळ चाललं असतं. इथे जुनं ईएमएमसी आहे, जे वाचतं तेव्हा लिहीत नाही आणि लिहितं तेव्हा वाचत नाही. एकच खिडकी, एकच कारकून, पैसे भरायचे आणि काढायचे त्याच रांगेत. एखादं ॲप मागे अपडेट व्हायला लागलं की कॅमेरा उघडायला मी घोड्यावर उभी राहून एक, दोन, तीन, चार मोजते. आणि ६४ जीबीतले सोळा-सतरा आधीच यंत्रणेने खाल्लेले, त्यामुळे जागा भरत आली की कारकून आणखी आळसावतो.

याचा दणका एकदा चांगलाच बसला. स्कॅन करायचं ॲप प्रत्येक नोंद लगेच फाइलमध्ये टाकत नाही, शेवटी 'जतन करा' दाबावं लागतं. कपाट क्रमांक अकरा, त्रेचाळीस पुस्तकं झाली, तेवढ्यात फोन आला. तीन मिनिटं बोलले. परत ॲपवर गेले तर ते कोऱ्या पाटीसारखं नव्याने उघडलं. रॅम कमी पडली म्हणून फोनने ते परस्पर बंद केलं होतं. त्रेचाळीस पुस्तकं पुन्हा ओढली, पुन्हा सारली, अंगठ्याने मला जी काय शिवी दिली असेल ती दिली. आता दर दहा पुस्तकांनी जतन करते, उसनी रॅम सेटिंगमध्ये जाऊन बंद केलीय आणि बॅटरी-बचतीच्या यादीतून ते ॲप वगळलंय. बरंच निभतं. तरी स्वस्त फोनमध्ये ४ जीबी ही आता खालची पायरी समजा. ६ मिळत असेल तर दुसरा कॅमेरा नसला तरी चालेल.

आणि तो दुसरा कॅमेरा! मागे तीन गोल वर्तुळं आहेत. एक खरा, १३ मेगापिक्सेलचा. दुसरा २ मेगापिक्सेलचा, जवळून फोटो काढायचा म्हणे. तिसऱ्या वर्तुळात काही नाही, काळी काच आहे. मी भिंग लावून बघितलं. शोभेचं वर्तुळ. खरा कॅमेरा उजेडात ठीक, संध्याकाळी हललेले फोटो देतो, पण माझ्या कामाचा एक गुण त्यात आहे: त्याला फोकस सरकवता येतो. बारकोडपासून आठ-दहा सेंटिमीटरवर धरला की पट्ट्या झटकन सुट्या दिसतात आणि तेरा आकडे चटकन उमटतात. जवळून फोटोच्या नावाचा तो २ मेगापिक्सेलवाला एकाच अंतरावर गोठलेला आहे. त्याने काढलेला बारकोड माझं कुठलंच ॲप वाचू शकलं नाही. दुकानात बघताना डोंगर-फुलांचे नमुने बघू नका. खिशातलं कुठलंही पाकीट काढा, त्यावरच्या बारीक अक्षरांवर कॅमेरा धरा, बोट टेकवा आणि अक्षर स्वच्छ होतं का ते बघा.

आता खोक्यावर कुठेच न लिहिलेल्या दोन गोष्टी. या परीक्षणातलं सगळ्यात उपयोगाचं काही असेल तर हेच.

पहिली कळली आईशी बोलताना. आई पलीकडून, "अगं, बोल की. गप्प का बसलीस?" मी बोलतच होते. "ऐकू येतंय का? कुठे गेलीस?" फोन कानापासून दूर केला तर स्क्रीन लखलखीत चालू आणि 'म्यूट' दाबलेलं. माझ्या गालाने दाबलेलं. पुढच्या पंधरा दिवसांत माझ्या गालाने दोनदा आईला होल्डवर ठेवलं, एकदा मध्येच आकडे दाबून तिच्या कानात पीं-पीं केलं आणि एकदा फोनच कापला. शेवटी ती म्हणाली, "तुला बोलायचं नसेल तर तसं सांग ना."

झालं असं होतं: फोन कानाला लावला की स्क्रीन आपोआप काळी व्हावी म्हणून वरच्या बाजूला एक छोटा सेन्सर असतो, प्रॉक्झिमिटी सेन्सर. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये तो सेन्सरच गाळतात, आणि फोन कसा हलतोय, कसा तिरपा झालाय, गाल लागलाय का, यावरून सॉफ्टवेअरने अंदाज बांधायचा असं ठरवतात. सेन्सरांची यादी दाखवणारी फुकट ॲप असतात, त्यात माझ्या फोनच्या या सेन्सरपुढे 'व्हर्च्युअल' असं लिहिलेलं निघालं. व्हर्च्युअल सेन्सर म्हणजे सेन्सर नाही. आणि इथे लहानपणही आड येतं, कारण फोन लहान असला की गालाखाली नेमका बटणांचाच भाग येतो. दुकानात तपासायला सोपं आहे: कुणालाही फोन लावा, फोन टेबलावर सपाट ठेवा, इअरपीसजवळ बोट आडवं धरा. स्क्रीन लगेच काळी झाली तर सेन्सर आहे. माझी होत नाही. मी आता आईशी इअरफोन लावून बोलते. ३.५ मिलिमीटरची जुनी खाच या फोनला आहे, ती महागड्या फोनांनी केव्हाच सोडली, आणि तिच्यामुळे माझं माहेर टिकलं असं म्हणायला हरकत नाही.

दुसरी गाळलेली वस्तू होकायंत्र. एका कार्यशाळेला अनोळखी भागात गेले होते. चौकात उभी राहून नकाशा उघडला तर निळा ठिपका आहे, पण त्याच्यापुढे आपण कुठे तोंड करून उभे आहोत ते दाखवणारा फिकट निळा पंखा नाही. फोन गोल फिरवला, आठ आकड्यासारखा हलवला, काही नाही. चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर आतमध्ये नाहीच, तर पंखा उमटणार कुठून. अशा फोनला दिशा कळते ती आपण चालायला लागल्यावर, ठिपका कुणीकडे सरकतो त्यावरून. मी सत्तर पावलं उलट चालले, मग ठिपक्याने सांगितलं की वळा. गाडीत बसून जाणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही. पायी फिरणाऱ्याने दुकानातच नकाशा उघडून जागेवर गिरकी घ्यावी. लोक बघतील, बघू द्या.

उन्हात स्क्रीन दिसत नाही, सावली करावी लागते. स्पीकर एकच आणि नेमका करंगळीखाली येतो. कव्हर एकाच प्रकारचं मिळालं, ते तीन महिन्यांत पिवळं पडलं. लहान फोनची बाहेरची सामग्री मिळत नाही, हे गृहीत धरा.

सॉफ्टवेअर साधं आहे, जाहिराती नाहीत, हे चांगलं. पण नवा फोन उघडल्या दिवशी सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख बघितली तर चौदा महिने जुनी. आठ महिन्यांत एकच अपडेट आलं. यावर पैशाचे व्यवहार करायचे की नाही हा प्रश्न मी माझ्यापुरता सोडवलाय: जुना मोठा फोन घरी टेबलाच्या खणात असतो, बँकेची कामं त्यावर. तेव्हा हा फोन 'एकमेव' झाला असं मी वर म्हटलं ते पूर्ण खरं नाही.

कुणी विचारेल की मग जुना, वापरलेला, पण एके काळी भारी असलेला लहान फोन का घेतला नाही? विचार केला होता. वेग, कॅमेरा, सेन्सर सगळं मिळतं. पण त्यांची बॅटरी आधीच थकलेली असते, आणि अपडेटं संपलेली किंवा संपत आलेली. ज्याला बॅटरी बदलून देणारा भरवशाचा कारागीर माहीत आहे त्याने जरूर तो रस्ता धरावा. मला माहीत नव्हता.

अंगठ्याचं म्हणाल तर कळ बरीच कमी झालीय. पण श्रेय कुणाचं ते सांगता येत नाही, कारण मी व्यायामही करत होते आणि रात्री फोन बघणंही निम्मं झालं. तेही या फोनमुळेच, इतक्या लहान स्क्रीनवर व्हिडिओ बघायला बसावंसंच वाटत नाही. पण पडताळणीत जो फरक पडला तो या मापाचाच. मागच्या खेपेला तासाला साठ-पासष्ट पुस्तकं व्हायची, यंदा नव्वदच्या पुढे गेली. कॅमेरा उघडायच्या त्या चार सेकंदांसकट.

आमच्या ग्रंथालयातले शिपाईकाका परवा फोन हातात घेऊन उलटासुलटा करत होते. "मॅडम, घेऊ का मी हा? वरच्या खिशात राहतो. माझा तो मोठा, वाकलो की पडतो."

"फोनवर काय काय करता काका?"

"व्हिडिओ बघतो. नातीशी बोलतो, तोंड बघून. आणि ते आपलं गुड मॉर्निंग."

"मग नका घेऊ. चारला बॅटरी संपेल आणि नात टिकलीएवढी दिसेल."

"आणि नुसतं बोलायला?"

मी त्यांना गालाची गोष्ट सांगितली. ते जरा विचारात पडले. मग डब्यातून एक तालिका-कार्ड काढलं, मुठीत धरलं आणि अंगठा आडवा टाकला. पंच्याहत्तर मिलिमीटरची कड ओलांडून त्यांचा अंगठा चांगला पेरभर पलीकडे गेला.

"मला तर मोठाच चालतोय की," ते म्हणाले, आणि कार्ड परत जागेवर, वर्णक्रमाने, लावून ठेवलं.